वाजवणाऱ्यांचे फोटो काढताना

माझा एक मित्र ड्रम्स वाजवतो. सहा वर्षांपूर्वी त्याच्या बँडचा पहिला कार्यक्रम ठरला तेव्हा तो म्हणाला, “अगं, कॅमेरा घेऊन ये ना, आमचे चार फोटो तरी होतील.” तोवर मी फुलं, ढग, घरातली लहान मुलं असले फोटो काढत होते आणि ते बरे येत होते. मी हो म्हटलं.

सभागृह लहान होतं. मागे काळा पडदा, वर पाच-सहा दिवे. नुसत्या डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं आणि पहिली फसगत तिथेच झाली. आपला डोळा अंधाराला सरावतो, त्यामुळे मंचावरचा माणूस भरपूर उजेडात बसलाय असंच वाटत राहतं. कॅमेऱ्याला मात्र जेवढा उजेड खरोखर आत आला तेवढाच कळतो. माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स होती. ती ५५वर नेली की तिचं छिद्र जास्तीत जास्त एफ ५.६ एवढंच उघडतं (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). फोटोत दाणे दिसतात म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, १६००च्या वर जाऊ द्यायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. राहिलं शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा ते. ते कॅमेऱ्याने आपलं आपण १/१५ सेकंदावर आणून ठेवलं.

१/१५ सेकंदात ड्रम वाजवणाऱ्याचे हात किती लांब जाऊन येतात, ते घरी मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर कळलं. हात नव्हतेच. कोपरापासून पुढे नुसता धूर होता. शिवाय चेहरा पांढराफटक. चौकटीतला बराचसा भाग काळा पडदा होता, आणि कॅमेऱ्याचा मीटर समोर दिसेल त्याची सरासरी काढून ती मध्यम करड्याच्या जवळ आणायला बघतो. काळ्या पडद्याला करडा करायच्या नादात त्याने चेहरा जाळून टाकला होता. एकदा मी फ्लॅशही उडवून पाहिला होता. त्यात मंचावरचे रंग पुसले गेले, मागच्या पडद्यावर सगळ्यांच्या कडक सावल्या उमटल्या आणि गिटारवाल्याची नजर तारांवरून उठली. त्याचा पुढचा स्वर चुकला की नाही ते मला सांगता येणार नाही, पण त्या दिवसानंतर वाजवणाऱ्यावर मी फ्लॅश टाकलेला नाही.

एकूण ३४० फोटो होते. मित्राला मी दोन पाठवले, दोन्ही मध्यंतरात काढलेले.

त्यानंतर मी वापरलेली एक ५० मिलिमीटरची लेन्स घेतली, एफ १.८ची. एफ ५.६ आणि एफ १.८ हे आकडे कागदावर जवळजवळचे वाटतात, पण छिद्राचं क्षेत्रफळ आकड्याच्या वर्गाने बदलतं, म्हणजे दोन्हींत जवळजवळ दहापट उजेडाचा फरक पडतो. जिथे १/१५ मिळत होता तिथे साधारण १/१५० मिळायला लागला. आयएसओचा नियमही मी मोडला. ३२००, ६४००, गरज पडली तर १२८००. दाणेदार फोटोकडे माणूस पाहू शकतो. हललेल्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. आणि मीटरवर सगळं सोपवणं बंद केलं: गाण्याच्या सुरुवातीला चेहऱ्यापुरतं मोजून घ्यायचं, छिद्र, शटर आणि आयएसओ तिन्ही हाताने ठरवायचे, आणि पडदा काळाच राहू द्यायचा. तो काळाच असतो.

लेन्स मोठी उघडली की दुसरी अडचण सुरू होते. दोन मीटरवरून एफ १.८ला माझ्या कॅमेऱ्यात जेमतेम दहा-बारा सेंटीमीटर एवढाच पट्टा स्पष्ट येतो. गायकाचा डोळा धरला तर गिटारवरची बोटं गेली. कॅमेऱ्याला आपोआप फोकस करू दिला तर तो गायकाच्या तोंडापुढच्या माइकची जाळी पकडतो, कारण अंधारात त्याला सगळ्यात ठसठशीत तीच दिसते. असे किती फोटो गेले! जाळीचा एकेक छेद मोजता यावा इतका स्पष्ट, आणि मागे गाणाऱ्याचा चेहरा धुक्यात. आता मी फोकसचा बिंदू एकच ठेवते, तो हाताने डोळ्यावर नेते, आणि समोरून न काढता थोडी बाजूला उभी राहते, म्हणजे माइक तोंडावरून सरकतो. गायक लांबचा वरचा स्वर लावताना बहुतेक वेळा माइकपासून मागे होतो, त्याच क्षणी तोंड, गळा, मान सगळं मोकळं दिसतं. ती जागा कधी येणार हे गाणं ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून कार्यक्रमाआधी त्यांची गाणी मी तीन-चार वेळा तरी ऐकून जाते.

ड्रम्सचं तसंच. दुसऱ्या कार्यक्रमाआधी मी मित्राच्या तालमीला जाऊन नुसती बसले. तास-दीड तास कॅमेरा पिशवीतच होता. तेव्हा लक्षात आलं की स्टिक वर गेल्यावर, खाली यायच्या आधी, क्षणभर थांबते. हात सगळ्यात उंच असतो, अंग ताणलेलं असतं आणि हालचाल जवळजवळ शून्य. त्या टोकावर बटण दाबलं तर १/२५०लाही स्टिक धारदार येते. आघाताच्या क्षणी दाबलं तर १/१०००लाही टोक हललेलं असू शकतं. तालमीत दुसरी गोष्ट कळली ती जागेची. समोरून ड्रम वाजवणारा सिंबल्सच्या, म्हणजे स्टँडवरच्या झांजांच्या, मागे लपतो. हाय-हॅटच्या (पायाने उघडमिट करायच्या झांजांच्या जोडीच्या) बाजूला, थोडं खाली बसलं की दोन सिंबल्सच्या फटीतून तो पूर्ण दिसतो.

तालमीतून परत येताना मी मित्राला विचारलं, “तुला स्वतःचा फोटो कसा हवाय?” तो म्हणाला, “हात थांबलेले नकोत. थांबलेले हात बघितले की मी वाजवत नाहीये असं वाटतं.” मला नवल वाटलं, कारण मी तर हात थांबवण्याच्याच मागे लागले होते. मग आम्ही ठरवलं की पुढच्या वेळी दोन्ही करून पाहायचं. शटर १/३०वर ठेवलं, कॅमेरा खांबाला टेकवला आणि संथ गाण्यात, तो डोके न हलवता वाजवत असताना, लागोपाठ बरेच काढले. एकात चेहरा ठाम, पापण्या मिटलेल्या आणि दोन्ही स्टिक्सचे पंखे उघडलेले. तो फोटो त्याने घरात लावलाय.

तिथून माझ्या डोक्यात एक प्रश्न पक्का बसला. उजेड कमी असला की काहीतरी सोडावं लागतंच: हालचालीची धार, रंग, खोली, नितळपणा, यातलं एक तरी. काय सोडायचं ते मी पूर्वी कॅमेऱ्यावर सोपवत असे. आता समोर जे वाजतंय त्याला विचारून ठरवायचा प्रयत्न करते.

रंग सोडायला शिकले ते लाल दिव्यांमुळे. एलईडी आल्यापासून मंचावर शुद्ध लाल, शुद्ध निळा असे झोत सर्रास पडतात. एका गायिकेचा कार्यक्रम होता, आवाज खर्जातला, भारदस्त. पूर्वार्धाचा बराच भाग तिच्यावर फक्त लाल. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो ठीक दिसत होते, फोटोत गडद-फिकं किती ते दाखवणारा उजेडाचा आलेखही मधोमध होता. घरी उघडले तर चेहऱ्याच्या जागी लाल रंगाचा सपाट ठिपका. नाक, गाल, ओठ सगळं एकाच लाल पातळीवर.

कारण शोधत गेले तेव्हा ते सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पाटीच्या, रचनेत सापडलं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर रंगीत गाळण्यांची जाळी असते: निम्मे ठिपके हिरव्यासाठी, पाव लालसाठी, पाव निळ्यासाठी. निव्वळ लाल उजेडात खरी माहिती गोळा करतात ते फक्त पाव ठिपके, बाकीचे जवळजवळ उपाशी. साहजिकच बारकावे कमी होतात. वर मी जो एकत्रित आलेख पाहत होते त्यात हिरव्याचं वजन जास्त, म्हणून लाल काठोकाठ भरून सांडत होता तरी आलेख निवांत दिसत होता. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे दाखवायची सोय कॅमेऱ्यात होती, मी ती कधी चालू केली नव्हती. आता लाल झोत पडला की मी लालचा आलेख बघते आणि एक-दीड स्टॉप खाली येते (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). फोटो कॅमेऱ्यात काळपट दिसतो, पण रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती तशीच ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढला असेल तर चेहरा त्यात शाबूत असतो. घरी तो कृष्णधवल करताना फक्त लाल चॅनलमधून काढते, कारण सगळी माहिती तिथेच आहे आणि निळ्यात निव्वळ दाणे. त्या गायिकेचे उत्तरार्धातले फोटो मी असेच कृष्णधवल केले. तिच्या आवाजाला ते लाल फोटोंपेक्षा जास्त जवळचे वाटतात. निळ्या झोताशी मात्र माझं अजून जमलेलं नाही. त्यात त्वचा आजारी दिसते आणि कृष्णधवल केल्यावरही ती कळा पूर्ण जात नाही. निळा पडला की मी चेहरा सोडून बाह्यरेखा शोधते.

त्याच कार्यक्रमाच्या मध्यंतरात मी धीर करून दिवे चालवणाऱ्यांकडे गेले. वयाने मोठे होते, मी काका म्हणूनच हाक मारली. म्हटलं, “काका, समोरून थोडा पांढरा मिळेल का हो?” ते म्हणाले, “मिळणार नाही, गाण्याचा मूड जातो. पण शेवटून दुसऱ्या गाण्यात, आवाज एकदम थांबतो ना, तिथे मी वरून एक पांढरा सोडतो. तिला माहीत आहे, ती एक पाऊल पुढे येते. तू डावीकडे थांब.” आणि त्यांनी दिव्यांच्या बदलांचा हाताने लिहिलेला कागद मला दाखवला. कोणत्या ओळीला काय, सगळं क्रमाने लिहिलेलं. मी डावीकडे थांबले. आवाज थांबला, पांढरा पडला, ती एक पाऊल पुढे आली. दिव्यांच्या झोताशी झगडण्यात मी जी दोन-तीन वर्षं घालवली त्यात एकदाही मला त्या माणसाशी बोलावंसं वाटलं नव्हतं, याचं आज वाईट वाटतं. उजेड आपोआप पडत नाही. तोही कोणीतरी वाजवत असतं, आणि त्याची तालीम झालेली असते.

मंचावर धूर सोडतात तेव्हा मागच्या दिव्यांना अंग येतं, झोत डोळ्यांना दिसायला लागतो. हर्मन लेनर्ड या छायाचित्रकाराने १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबांत जे फोटो काढले त्यात हा मागून येणारा उजेड आणि धूर यांचं नातं पाहायला मिळतं. त्यातल्याच रॉयल रूस्ट या क्लबात १९४८ साली काढलेला सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनचा फोटो अनेकांनी पाहिलेला असेल: मांडीवर सॅक्सोफोन, वर सिगारेटच्या धुराचा ढग, आणि त्या ढगाला मागून उजळवलेलं. त्या काळच्या फिल्मची संवेदनशीलता आजच्या मानाने फारच कमी होती, हातातला कॅमेरा अवजड होता, म्हणून दिवा कुठे असावा याचा त्याला किती विचार करावा लागला असेल. तो फोटो पाहिल्यापासून मी उजेडाच्या समोर उभी राहायला घाबरत नाही. वाजवणाऱ्याच्या मागे दिवा घ्यायचा, त्याच्या डोक्याने तो नेमका झाकायचा, म्हणजे केसांची आणि वाद्याची कड उजळते. एक बोटभर सरकलं की दिवा थेट लेन्समध्ये शिरतो आणि सगळ्यावर पांढुरकी साय येते.

मोठ्या कार्यक्रमांत छायाचित्रकारांना बहुधा पहिली तीन गाणीच मिळतात, फ्लॅशशिवाय, आणि नेमकी तेव्हा दिव्यांची मांडणी अजून गरम झालेली नसते. मला अशी संधी दोनदाच मिळाली. दोन्ही वेळा मी स्पीकरच्या पुढ्यात होते आणि पहिल्या वेळी कानांत बोळे नव्हते. रात्रभर कान वाजत होते. १०० डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये असं श्रवणाच्या सुरक्षिततेचे निकष सांगतात. तेव्हापासून कॅमेऱ्याच्या पिशवीत बॅटरीशेजारी बोळ्यांची डबी असते. जे ऐकायला आपण जातो ते ऐकणारे कानच गेले तर काय उरलं?

सगळ्यात अवघड संध्याकाळ मात्र गोंगाटाची नव्हती. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, आणि श्वास रोखून बसलेलं सभागृह. ध्वनिवर्धक नाही. माझ्या कॅमेऱ्याच्या शटरचा आवाज रस्त्यावर ऐकूही येत नाही, इथे तो टाळी वाजवल्यासारखा वाजला. पहिल्याच फोटोला पुढच्या रांगेतल्या दोन माना वळल्या. मी घाईने इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, जे पूर्ण मूक असतं, आणि अर्धा तास निश्चिंतपणे काढत राहिले.

घरी पाहिलं तर प्रत्येक फोटोवर आडवे पट्टे. एक फिका, एक गडद, पुन्हा फिका. चेलो वाजवणाऱ्याच्या कपाळावरून, गालावरून, वाद्याच्या पोटावरून, जणू कोणी पट्ट्यापट्ट्यांचा पडदा त्यांच्यावर सोडलाय. त्या सभागृहात एलईडी दिवे होते. मंद केलेले एलईडी अनेकदा खरे मंद नसतातच. ते सेकंदाला कित्येकदा पेटत-विझत असतात आणि डोळ्याला त्याची सरासरी मंद वाटते. मूक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं. काही ओळी दिवा पेटलेला असताना वाचल्या जातात, काही विझलेला असताना. तेच ते पट्टे. घरी बसून ते पुसता येत नाहीत. मी खूप प्रयत्न केला.

त्यांचाच पुढचा कार्यक्रम दोन महिन्यांनी होता. मी परवानगी मागितली आणि मागच्या वेळेबद्दल माफीही. या वेळी यांत्रिक शटर ठेवलं आणि वेग १/१०० केला. विजेच्या प्रवाहाची कंपनं सेकंदाला ५० असतील तर अशा विजेवरच्या साध्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. १/१००मध्ये एक पूर्ण फेरा बसतो, मग उजेड प्रत्येक फोटोत सारखा येतो. ६० कंपनं असतील तिथे १/१२० किंवा १/६०. मंद केलेल्या एलईडींची कंपनं यापेक्षा खूप जास्त असतात, त्यामुळे एवढ्या सावकाश वेगात त्यांचे अनेक फेरे येऊन जातात आणि पट्टे जवळजवळ उरत नाहीत.

राहिला आवाज. तो लपवायला एकच आडोसा होता, संगीताचाच. चौघेही जोरात येतील तेव्हाच बटण दाबायचं, हळुवार जागी हात मांडीवर. त्यासाठी रचना आधी इतकी ऐकली की जोराची जागा येण्याआधी दोन स्वर कळायला लागलं. संपूर्ण संध्याकाळीत ४० फोटो काढले असतील. तेवढ्यात काय काय दिसलं! चौघे एकत्र उठाव घेतात तेव्हा पहिली व्हायोलिनवाली मान किंचित उचलून श्वास घेते आणि बाकी तिघे तिच्या त्या श्वासाकडे बघतात. १/१००ला गज थोडा हललेला येतो, टोकाशी पुसट. तो तसाच ठेवला. हळुवार भागाचा एकही फोटो माझ्याकडे नाही, आणि तो भाग मी पहिल्यांदाच नीट ऐकला.

उन्हातल्या कार्यक्रमांना लोक सोपं समजतात. उजेड भरपूर, शटर हवं तेवढं, मग अडचण कसली? पण डोक्यावरचं ऊन माणसाच्या डोळ्यांत दोन काळे खळगे पाडतं, आणि टोपी असेल तर अर्धा चेहराच नाहीसा होतो. एका दुपारी मंचावर निळी ताडपत्री ताणलेली होती. तिच्यातून गाळून आलेल्या उजेडात सगळे निळसर, आणि पायाशी जिथे ऊन शिरत होतं तिथे पिवळे. एका चौकटीत दोन रंगांचे उजेड असले की एकाला सरळ केलं की दुसरा वाकडा होतो. मी शेवटी ताडपत्रीच्या कडेला येऊन वाजवणाऱ्या गिटारवाल्यापुरतीच राहिले. तो कडेला आला की समोरच्या फिक्या जमिनीवरून उसळलेला उजेड खालून त्याच्या डोळ्यांत भरायचा. बाकीच्यांचे फोटो त्या दुपारी आलेच नाहीत.

त्याच मंचावर सूर्य मावळल्यावरची वीस-पंचवीस मिनिटं मात्र मी कधी चुकवत नाही. आकाश अजून निळं असतं, मंचावरचे दिवे लागलेले असतात, आणि काही वेळ दोन्ही उजेड बरोबरीला येतात. त्याआधी दिवे फिके, त्यानंतर आकाश काळं. दर दोन-तीन मिनिटांनी शटर उतरवत जावं लागतं. बाकी काही करावं लागत नाही, उभं राहून बघत राहायचं.

आता राहिली खिडकी. चौकडीतल्या त्या व्हायोलिनवाल्या ताईंशी पुढे ओळख वाढली आणि त्यांनी मला सकाळच्या रियाजाला बोलावलं. खोलीत उत्तरेकडची मोठी खिडकी, वर एक पिवळा बल्ब. पहिलं काम बल्ब घालवण्याचं. खिडकीतला दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विन किंवा त्याहून थंड, बल्बचा २७०० केल्विनच्या आसपास. दोन्ही एका गालावर नकोत. मग जागा. व्हायोलिन डाव्या खांद्यावर असतं, चेहरा डावीकडे वळलेला असतो, म्हणून खिडकी त्यांच्या डाव्या हाताला घेतली. उजेड चेहऱ्यावर, वाद्याच्या लाकडावर आणि डाव्या हाताच्या बोटांवर एकाच वेळी आला. त्यांना दोन पावलं आत सरकायला सांगितलं तर उजेड झपकन उतरला आणि मागची भिंत काळवंडली, तेही हवंसं होतं.

त्या सकाळी मला सगळं मिळालं: एफ २.८ला डोळे आणि बोटं दोन्ही स्पष्ट, आयएसओ ८००, शटर १/२५०, त्वचेचे खरे रंग. सोडावं असं काहीच नव्हतं. एक फोटो तर असा की मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहूनच गप्प झाले. डोळे मिटलेले, गालावरून ओघळणारा उजेड, गज तारांना लागून किंचित तिरका, गजाला लावलेल्या राळेची पूड हवेत तरंगताना दिसतेय. इतक्या वर्षांत मला असा उजेड मिळाला नव्हता.

आठवड्याने मी निवडलेले बारा फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. वाजवणारी माणसं स्वतःचे फोटो कसे बघतात हे एव्हाना मला ठाऊक झालं होतं. आपण चेहरा बघतो, ते हात बघतात. ड्रमवाला मित्र स्टिकची पकड बघतो, गायिका खांदे चढलेत का ते. ताई सावकाश एकेक बघत होत्या. त्या फोटोशी आल्या तेव्हा बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “उजेड काय सुरेख आहे गं.” आणि बोट ठेवलं. “पण माझं डावं मनगट बघ, आत कोसळलंय. मी तेव्हा दमले होते बहुतेक. मुलींना मी रोज हेच करू नका म्हणून सांगते.”

मला तोवर ते दिसलं नव्हतं. त्यांनी दाखवल्यावर दुसरं काही दिसेना.

“ताई, एवढा भाग कापून देऊ का?”

“मनगटाशिवाय व्हायोलिन कसं दाखवशील?”

घरी येऊन मी त्या सकाळचे सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहिले, या वेळी फक्त मनगट बघत. दहाव्या-बाराव्या मिनिटाला, उजेड अजून थोडा कोरडा होता तेव्हा काढलेल्या एका फोटोत मनगट सरळ होतं, बोटं गोल, कोपर वाद्याखाली. डोळे उघडे होते, राळेची पूड नव्हती. तो त्यांना छापून दिला. दुसरा, उजेडाचा, मी काढून टाकला.